जनुकोपचारातील ‘सुरक्षित’ वाहक : एक पुनर्विचार

रेट्रोव्हायरसपासून बनविलेल्या जनुकवाहकांची चर्चा बहुधा एका ठरीव वाक्याने संपते : नव्या रचनेमुळे हे वाहक आता सुरक्षित झाले आहेत. या विधानाची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ दोष सर्वश्रुत आहे. पॅरिस येथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेली बालके बरी झाली. मात्र २००२ पासून काहींना ल्युकेमिया झाल्याचे उघड झाले. लंडनची चाचणी धरून २० पैकी ५ रुग्णांबाबत हे घडले. बहुतेकांत वाहक एलएमओ२ या जनुकाजवळ रुजला होता व वाहकाच्या टोकांवरील प्रबळ वर्धकाने ते जनुक कार्यान्वित केले होते. त्यानंतर हे वर्धक वगळलेले ‘स्वयं-निष्क्रिय’ वाहक आले. उंदरांच्या विषाणूची जागा एचआयव्हीपासून सिद्ध केलेल्या लेंटिव्हायरस-वाहकांनी घेतली. मुंबईत आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून साकारलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली ‘नेक्सकार१९’ ही उपचारपद्धती लेंटिव्हायरस-वाहकावरच आधारित आहे.

ही प्रगती निर्विवाद आहे. निष्कर्ष मात्र घाईचा आहे. मेंदूच्या एका आनुवंशिक विकारावरील ‘स्कायसोना’ उपचारातही स्वयं-निष्क्रिय लेंटिव्हायरस-वाहकच होता. तरीही २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ६७ पैकी ७ रुग्णांना रक्ताचा कर्करोग झाला. टोके निष्क्रिय केली, पण आत बसविलेला प्रवर्तक प्रबळच राहिला. तात्पर्य, सुरक्षितता हा वाहकाचा अंगभूत गुण नसून प्रवर्तक, पेशी व आजार यांच्या संदर्भातच ठरणारी सापेक्ष गोष्ट आहे.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत तयार होणारे रासायनिक औषध कालांतराने शरीराबाहेर पडते. गुणसूत्रात रुजलेले जनुक पेशीबरोबर आयुष्यभर राहते. म्हणूनच अमेरिकेतील नियामक संस्था अशा रुग्णांचा १५ वर्षांपर्यंत पाठपुरावा सुचविते. सिकलसेलवरील लेंटिव्हायरस-उपचारास डिसेंबर २०२३ मध्ये तेथे मान्यता मिळाली, तीही रक्ताच्या कर्करोगाच्या ठळक इशाऱ्यासह.

सिकलसेल पालघरच्या आदिवासी समाजातही आढळतो. उद्या हा उपचार येथे आला, तर जव्हार-मोखाड्याहून दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मुलाची रक्ततपासणी १५ वर्षे कोण करणार? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतील रचनेत नाही. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत आहे. वर्गात वाहकाची आकृती काढताना या नोंदवहीचाही उल्लेख व्हावयास हवा. तोवर ‘सुरक्षित’ हे विशेषण अपुरेच ठरेल.