तक्त्यातली संप्रेरके

शालेय जीवशास्त्राच्या पुस्तकांत अंतःस्रावी ग्रंथींचा एक तक्ता असतो. ग्रंथी, तिचे स्थान, संप्रेरक, कार्य आणि पुष्कळदा शेवटच्या रकान्यात विकार. पाठ करायला सोपा, तपासायला त्याहून सोपा. 'जोड्या लावा' या प्रश्नासाठी तर तो जणू मुद्दाम घडवलेला. पुस्तकांत दुसरीकडे, आहाराच्या किंवा आरोग्याच्या प्रकरणात, लठ्ठपणाचे कारण एका वाक्यात उरकलेले असते: जास्त खाणे आणि कमी हालचाल. दोन्ही ठिकाणी लिहिलेले खोटे नाही. पण या दोन पानांची एकमेकांशी ओळखच करून दिली जात नाही, ही आमची तक्रार आहे. तिचा संबंध परीक्षेतल्या गुणांशी कमी आणि वर्गात बसलेल्या मुलींशी जास्त आहे.

उदाहरणादाखल पीसीओएस घेऊ. आपल्याकडे त्याला सर्रास पीसीओडी म्हणतात. अनियमित पाळी, चेहऱ्यावर राठ केस, मुरुमे आणि पुष्कळ जणींत (सर्वांत नव्हे) काही केल्या न उतरणारे वजन ही त्याची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातल्या दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीला तो असतो, आणि अशा स्त्रियांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत जणींना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, निदान झालेल्या १,३८५ स्त्रियांना त्यासाठी किती काळ लागला हे विचारले होते. एक तृतीयांश जणींची दोन किंवा अधिक वर्षे गेली होती. जवळजवळ निम्म्या जणी तीन किंवा अधिक ठिकाणी दाखवून आल्या होत्या. यांतल्या बहुतेक उत्तर अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या, म्हणजे दवाखाना हाताशी असलेल्या!

आता हा विकार आपल्या तक्त्यात शोधून पाहा. बीजांडकोशाच्या ओळीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन आहेत. टेस्टोस्टेरॉन वृषणाच्या ओळीत आहे. स्वादुपिंडापुढे इन्शुलिन, कार्य रक्तातील साखरेचे नियंत्रण, विकार मधुमेह. विद्यार्थी यावरून काय समजतो? टेस्टोस्टेरॉन फक्त पुरुषांत असते आणि इन्शुलिनला साखरेशिवाय दुसरा उद्योग नाही. दोन्ही समजुती चूक आहेत. बीजांडकोश आधी टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके तयार करतो आणि त्यांच्यापासूनच इस्ट्रोजेन बनवतो. इन्शुलिनचा निरोप यकृत, स्नायू, चरबीच्या पेशी आणि बीजांडकोश या सर्वांना पोचतो.

या विकाराच्या पुष्कळ रुग्णांत स्नायू आणि यकृत इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. मग साखर काबूत ठेवण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते. बीजांडकोश मात्र बहिरा झालेला नसतो. वाढलेल्या इन्शुलिनमुळे तो अधिक टेस्टोस्टेरॉन तयार करतो. याच वेळी, टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृत कमी बनवते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. बीजपुटिका अर्ध्यावर थांबतात, पाळी लांबते. चरबी साठवायला सांगणे आणि साठलेली चरबी फुटू न देणे हेही इन्शुलिनचेच काम. चरबी वाढली, विशेषतः पोटातली, की इन्शुलिनला मिळणारी दाद आणखी कमी होते. चक्र पुरे झाले. 'वजन उतरव, पाळी आपोआप येईल' हा सल्ला या चक्राची एकच कडी पाहतो. तो अगदी निरुपयोगी नाही. पाच-दहा टक्के वजन उतरले तरी अनेक जणींची पाळी सुधारते. पण दुसऱ्या कडीची तपासणीच न करता तो दिला, तर उतारा म्हणून उरतो तो फक्त मुलीच्या आळशीपणावरचा ठपका.

या घोळात विकाराच्या नावाचाही वाटा आहे. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे बीजांडकोश मोठे झालेले होते. बीजांडकोशाचा तुकडा कापून काढल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. साहजिकच 'गाठी' हेच विकाराचे नाव झाले. वास्तविक त्या गाठी नव्हेतच; त्या वाढ थांबलेल्या बीजपुटिका. गंमत अशी, की त्याआधी, १९२१ मध्ये, फ्रान्समध्ये आशार आणि तिएर यांनी 'दाढी असलेल्या स्त्रियांचा मधुमेह' असे वर्णन करून ठेवले होते. म्हणजे साखर आणि केस एकत्र पाहिले गेले होते! पण इन्शुलिन आणि टेस्टोस्टेरॉन या स्त्रियांत बरोबरीने वाढलेले असतात हे मोजून दाखवायला १९८० साल उजाडले. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलावलेल्या समितीने हे नाव दिशाभूल करणारे आहे, ते बदलावे, असे स्पष्ट सांगितले.

थायरॉइडची ओळ याउलट सर्वांना पाठ असते. वजन वाढले की घरोघरी 'थायरॉइड तपासून घ्या' म्हणतात. तपासणी योग्यच आहे. पण थायरॉइड मंदावल्यामुळे वाढणारे वजन सहसा काही किलोंचेच असते आणि त्यातला बराच भाग मीठ व पाणी यांचा. तो अहवाल ठीक आला की चौकशी तिथेच थांबते आणि मुलीच्या हाती पुन्हा आहाराचा कागद येतो. तक्त्याने वजनासाठी एकच ग्रंथी शिकवली, त्याचा हा परिणाम.

आणि वजनाचा काटा तरी किती सांगतो? २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली होती. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्तीची चरबी पुण्याच्या डॉक्टरांची होती. सडपातळ दिसणाऱ्या मुलीलाही हा विकार होऊ शकतो, तो या निर्देशांकाने कळणार नाही.

शिक्षकांना दिसू शकेल अशी एक खूण मात्र आहे. इन्शुलिनला दाद कमी असली की मानेची मागची बाजू आणि काखा काळसर, मखमलीसारख्या जाड होतात. घरी आणि शाळेत याला मळ समजतात. मान घासून धूत जा, असे चारचौघांत ऐकून घेणाऱ्या मुली प्रत्येक शाळेत असतील. तो मळ नसतो, दगडाने घासूनही जात नाही.

तक्ता काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या ओळींमध्ये बाण काढा, एवढेच म्हणतो. इन्शुलिनकडून बीजांडकोशाकडे एक, बीजांडकोशाकडून पियुषिकेकडे एक, चरबीकडून परत इन्शुलिनकडे एक. नववीच्या वर्गात एका तासात हे होते. बाणांनंतर मुली प्रश्न विचारतात, बहुधा तास संपल्यावर आणि हळू आवाजात. त्या वेळी हाताशी असावे म्हणून इथे देतो: पहिली दोन-तीन वर्षे पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. पण पाळी सुरू होऊन एक वर्ष झाल्यानंतर केव्हाही नव्वद दिवसांहून मोठा खंड पडला, किंवा तीन वर्षांनंतरही वर्षातून आठपेक्षा कमी वेळा पाळी आली, तर डॉक्टरांना दाखवावे. निदानासाठी रक्ततपासणी लागते. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत केवळ सोनोग्राफीवरून निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत २०१८ पासून नमूद आहे, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या बीजांडकोशातही पुष्कळ बीजपुटिका दिसतात.