'कांता' : एक अनिर्णित दावा

सेल्वमणी सेल्वराज यांच्या 'कांता' (२०२५) या तमिळ बोलपटात १९५० च्या सुमाराचे मद्रास आहे. गुरूने योजलेल्या 'शांता'चे नायकपदी चढलेला शिष्य 'कांता' करून टाकतो. त्या एका अक्षराच्या अपहारात सारा मत्सर आला. समुद्रकनी व दुलकर सलमान यांनी तो उत्तम वठविला आहे. उत्तरार्धात मात्र खून होतो, पोलीस येतात, आणि गुरूने दक्षिणा किती मागावी हा मूळ दावा तसाच राहतो. आम्हां निपाणीकरांना शेजारचे कोल्हापूर आठवले. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर बाबूराव पेंटरांना सोडून निघाले आणि 'प्रभात' उभी राहिली. तेथे रक्त सांडले नाही. पण मराठीत त्या ताटातुटीवर कोणी बोलपट काढील, तर आम्ही तो दोनदा पाहू.