पलटे आणि चीज : अकॉर्डिअन-शिक्षणातील एक विवाद्य प्रश्न

वाद्यशिक्षणात अभ्यासपाठ किती व रचना किती, या वादाची दोन टोके दोन प्रसिद्ध ग्रंथांत दिसतात. हानोंच्या १८७३ च्या पियानोविषयक ग्रंथात ६० अभ्यासपाठ आहेत; बोटांचे बळ आणि समानता यांसारखी तांत्रिक तयारी एवढेच त्यांचे साध्य होय. उलटपक्षी पं. भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या सहा भागांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चा मुख्य भार स्वरलिपीबद्ध चिजांवर आहे. एक ग्रंथ पियानोचा, दुसरा प्राधान्याने कंठसंगीताचा. अकॉर्डिअनच्या विद्यार्थ्याला यांपैकी कोणताही मार्ग जसाच्या तसा लागू पडतो काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे या वाद्याकडे वळणारा पुष्कळदा पेटीवरून येतो. नवापूर, तारापूर, बोईसर या पट्ट्यातील भजनी मंडळात ज्याने कानावर भरवसा ठेवून अभंग बसविले, त्याला चीज आधी व पलटे मागाहून भेटतात. संगीतविद्यालयातील विद्यार्थ्याचा क्रम नेमका उलटा असतो. दोघांचीही बोटे पट्ट्यांवर तयार असतात. पण दोघेही एकाच जागी अडतात, आणि ती जागा म्हणजे भाता.

याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे. दोन्ही वाद्यांत हवेने रीड कंप पावून स्वर निघतो. परंतु हातपेटीत बाहेरच्या भात्याची हवा आतील भात्यात साठते, म्हणून भात्याची हालचाल आणि सुरावटीचा विराम यांचा मेळ बसविण्याची फारशी गरज पडत नाही. अकॉर्डिअनला असा साठा नाही. भाता उलटला की नाद क्षणभर खंडित होतो. तो खंड चरणाच्या मध्यावर आला तर अर्थच तुटतो. 'आराधना' (१९६९) चित्रपटातील 'रूप तेरा मस्ताना' या गीतात केर्सी लॉर्ड यांच्या अकॉर्डिअनचा नाद ज्या रीतीने फुलतो आणि ओसरतो, ते काम भात्याचे आहे. केवळ बोटांच्या चपळाईने ते साधणारे नव्हे.

भाता कोठे उलटावा, हे पलटा सांगत नाही. कारण पलट्याला भाषेसारखा विराम नसतो. ते चीजच सांगते. तथापि यावरून पलटे वर्ज्य करावेत असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. कच्च्या बोटांनी वारंवार वाजविलेल्या चिजेत दोषच पक्के होतात, आणि ते मागाहून काढणे दुर्घट असते.

तेव्हा वाद प्रमाणाचा नसून क्रमाचा आहे. आधी लहान चीज घ्यावी. तिच्यातील अवघड जागा वेगळी काढून, भाता उलटण्याच्या खुणांसह, तिचाच पलटा करावा. आणि पुन्हा चिजेकडे यावे. परीक्षकानेही पलट्याचा वेग मोजण्याऐवजी तोच पलटा चिजेत कोठे उपयोगी पडला, हे विद्यार्थ्यास वाजवून दाखवावयास सांगावे. ज्या अभ्यासपाठाला असे स्थान दाखविता येत नाही, तो अभ्यासक्रमात कशासाठी ठेवावा, याचे उत्तर अभ्यासक्रम रचणाऱ्यांनी दिले पाहिजे.