चित्रातील पुरावा आणि तर्क

मुलांच्या पुस्तकात मजकूर शिकवतो व चित्र केवळ मन रिझवते, अशी समजूत आम्ही शिक्षक पुष्कळ वर्षे बाळगीत आलो. वास्तविक मूल मजकूर विसरते आणि चित्र जन्मभर जपते. भूशास्त्र व प्राचीन इतिहास या विषयांत ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते. कारण चित्रकार जे दाखवतो ते त्याने स्वतः पाहिलेले नसते.

रुडॉल्फ झॅलिंगर यांनी १९६५ साली क्लार्क हॉवेल यांच्या ‘अर्ली मॅन’ या ग्रंथासाठी काढलेली मानवाच्या पूर्वजांची रांग कोणाच्या परिचयाची नाही? पंधरा आकृती एकामागून एक चालल्या आहेत. पाठीचा बाक कमी होत जातो आणि अखेरीस आजचा मनुष्य ताठ उभा राहतो. यातील वानर वस्तुतः चतुष्पाद होते, तुलनेच्या सोयीसाठीच ते उभे दाखवले आहेत, असा खुलासा सोबतच्या मजकुरात होता. ओरिओपिथेकस ही वंशवृक्षाची बाजूची फांदी असावी, असेही तेथेच म्हटले होते. परंतु रांगेत तो आपला आजोबा असल्याच्या थाटात चालतो! मजकूर कपाटात राहिला, चित्र मात्र जगभर गेले. आमच्या वर्गातील एका मुलाने एकदा विचारले, “गुरुजी, मग आताची माकडे मागे का राहिली?” हा प्रश्न त्या रांगेनेच त्याच्या मुखी घातला होता.

याच चित्रकाराने येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात १९४३ ते १९४७ या काळात ११० फूट लांबीचे भित्तिचित्र रंगवले. त्यातील डायनोसॉरांच्या जमिनीवर ओढल्या जाणाऱ्या शेपट्या आज शास्त्रास मान्य नाहीत. तो दोष आम्ही चित्रकारास देणार नाही; त्या काळचे ज्ञानच तेवढे होते. १९६५ च्या रांगेची गोष्ट निराळी. तेथे ज्ञान शेजारी छापलेले असूनही चित्राने ते मानले नाही.

व्हर्जिनिया ली बर्टन यांचे ‘लाइफ स्टोरी’ (१९६२) आम्हांस याच कारणाने अधिक प्रामाणिक वाटते. पृथ्वीची कथा येथे नाटक म्हणून मांडली आहे: रंगमंच, पडदा, अंक, प्रवेश आणि कडेला उभा राहून बोलणारा निवेदक. नांदी व सूत्रधार यांवर पोसलेल्या मराठी वाचकास ही योजना परकी वाटू नये. हे कोणीतरी रचून दाखवलेले दृश्य आहे, हे मुलास न सांगता कळते. दोष आहेच. प्रत्येक प्रवेशाची चौकट सारखीच. एका पानावर कोट्यवधी वर्षे सरतात, तर शेवटाकडे एका दिवसाच्या प्रहरांनाही तेवढीच जागा मिळते. त्यामुळे काळाचे प्रचंड अंतर डोळ्यांस जाणवत नाही. आजची भर घालून हे पुस्तक कोणी मराठीत आणावे, असे मात्र आम्हांस मनापासून वाटते.

आमच्या वडोदऱ्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे बालासिनोरजवळचे रैयोली हे गाव डायनोसॉरांच्या अंड्यांसाठी व हाडांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील हाडांवरून २००३ साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव देण्यात आले. कवटीचा काही भाग, मणके, कटीची व पायांची हाडे मिळाली. कातडीचा रंग कोणास ठाऊक? बाजारातील तक्त्यांत मात्र तो खुशाल हिरवा असतो. आम्ही मुलांना तेथे नेले, तेव्हा एकाने वहीत सापडलेली हाडे शाईने काढली व उरलेला प्राणी फिकट पेन्सिलीने. चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यास बेताचेच गुण दिले, कारण पाय बिघडले होते. वाचनालयाच्या भिंतीवर आम्ही तेच चित्र लावले आहे.