चित्रपटगीताच्या वळचणीबाहेर

चित्रपटाबाहेर निर्माण होणारे सगळेच संगीत स्वतंत्र असते असे नाही. मराठी भावगीत चित्रपटाबाहेर वाढले, परंतु त्याच्या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या मालकीच्या होत्या, कोणते गीत मुद्रित व्हावे हे कंपनी ठरवत असे आणि गीताची लांबीही तबकडीच्या एका बाजूवर मावेल इतकी, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांची, आधीच ठरून गेलेली होती. ज्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी (व्यवसायात तिला ‘मास्टर’ म्हणतात) कलावंताकडे किंवा त्याने निवडलेल्या एखाद्या छोट्या प्रकाशनसंस्थेकडे, म्हणजे ‘लेबल’कडे असते आणि ज्याचा आशय, भाषा व लांबी ठरवताना तिसऱ्याची संमती घ्यावी लागत नाही, त्याला येथे स्वतंत्र संगीत म्हटले आहे. मात्र मालकी हा काही कलागुण नव्हे. गेल्या काही वर्षांत घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित होऊन आंतरजालावर येणाऱ्या गाण्यांचा जो लोंढा लोटला आहे, त्यातील बराचसा भाग म्हणजे चित्रपटाची वाट पाहत बसलेली चित्रपटगीतेच आहेत: तोच गुळगुळीत आवाज, तीच गिटारची हळवी सुरावट, तेच पावसाचे आणि विरहाचे शब्द. म्हणून चित्रपटगीतात ज्याला जागाच मिळू शकली नसती असे काही या संगीतात आहे की नाही, ही एकच कसोटी लावून अलीकडच्या प्रकाशनांकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

ही कसोटी जुन्या उदाहरणांनाही लागू पडते. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये गोव्यातील शिवोली येथे आपल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, म्हणजे एकाच फितीवर चार आवाज वेगवेगळे मुद्रित करून नंतर एकत्र मिसळता येतात अशा यंत्रावर, ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम तयार केला. वाद्ये त्यांनीच वाजवली, गायले तेच आणि तयार झालेल्या कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचवल्याही त्यांनीच. त्याच दशकात महाराष्ट्रात भीमगीते आणि भक्तिगीते छोट्या कंपन्यांच्या स्वस्त कॅसेटींवरून वस्त्यावस्त्यांत पोहोचत होती. भारतातील कॅसेटव्यवहाराचा पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात जो अभ्यास मांडला, त्याचा गाभाच हा आहे की मुद्रणाचे साधन स्वस्त झाले की बोली, जात आणि प्रदेश यांचे आवाज बाजारात येतात. पुढे कॅसेटची जागा संगणकाने घेतली, २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’सारख्या महोत्सवांनी या संगीताला रंगमंच दिला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आल्यावर वितरणाचा प्रश्न सुटल्यासारखा दिसू लागला.

या कसोटीवर सर्वांत भरघोस पीक रॅपचे आले आहे, हे मान्य करावे लागते. रॅप म्हणजे ठरावीक मात्रांच्या आवर्तनावर, ज्याला ‘बीट’ म्हणतात त्यावर, गाण्याऐवजी लयबद्ध बोलणे. त्यात सुरेल गळ्याची अट नसल्याने शब्द, उच्चार आणि श्वास यांनाच सारे वजन प्राप्त होते. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर चित्रित केलेले ‘आफत’ आणि पुढच्या वर्षी डिव्हाइनसह केलेले ‘मेरे गली में’ यांतून मुंबईची बोली रॅपमध्ये स्थिरावली. २०१९ च्या ‘गली बॉय’ या चित्रपटाने तिला प्रसिद्धी दिली आणि तिची धारही पुष्कळशी बोथट केली, कारण त्यानंतर गल्लीतून वर आल्याची कहाणी हाच एक साचा होऊन बसला.

या साच्याला जे शरण गेले नाहीत त्यांत मुंबईच्या ‘स्वदेशी’ या समूहाचे नाव आधी घ्यावे लागते. एमसी मवाली, २०२२ मध्ये अकाली निधन पावलेले एमसी तोडफोड आणि त्यांचे सहकारी हिंदी, मराठी, गुजराती अशा भाषांची सरमिसळ करत आले. आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते व गायक प्रकाश भोईर यांच्यासह त्यांनी २०१९ मध्ये केलेले ‘द वारली रिव्होल्ट’ हे या काळातील महत्त्वाचे गीत म्हणता येईल. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडण्याला झालेला विरोध, ही त्याची पार्श्वभूमी. पण गीताचे मोल केवळ विषयाच्या निकडीत नाही. एरवी लोकगायकाच्या आवाजाचा तुकडा कापून तो सजावटीसाठी बीटवर डकवण्याची जी खोड फ्यूजनला लागली आहे ती येथे टाळली आहे. भोईरांचा आवाज गीताला चाल देतो आणि रॅप त्या चालीच्या मागोमाग येतो, त्यामुळे शहरी तरुण आदिवासींच्या वतीने बोलत आहेत असे न वाटता त्यांच्या शेजारी उभे आहेत असे वाटते. याच वर्तुळातील अमरावतीचा हंड्रेड आरबीएच हा रॅपर वऱ्हाडीत लिहितो. ‘एमटीव्ही हसल’च्या २०२३ च्या पर्वात तो देशभर पोहोचला, तरी विनोदासाठी राखून ठेवलेल्या या बोलीत जातीचा प्रश्न, राग आणि हताशा मांडता येते हे त्याने दाखवून दिले, ही गोष्ट कोणत्याही स्पर्धेपेक्षा मोठी आहे. मराठी नाटक-सिनेमाने वऱ्हाडीला जी विदूषकाची टोपी घातली होती ती या रॅपने उतरवली, एवढे तरी निश्चित.

मराठीबाहेरचे तीन अल्बम याच रांगेत येतात. दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्सने २०१७ मध्ये काढलेल्या ‘क्लास-सिख’मध्ये प्रभ दीप दिल्लीतील टिळकनगरची वस्ती, तिथली नशा आणि गमावलेले मित्र यांविषयी पंजाबी-हिंदीत बोलतो. सेझ ऑन द बीटने रचलेल्या बीटमध्ये इतकी मोकळी जागा आहे की दोन ओळींमधला श्वासही अर्थपूर्ण होतो. त्याच लेबलने २०१९ मध्ये प्रकाशित केलेला श्रीनगरच्या अहमेरचा ‘लिटल किड, बिग ड्रीम्स’ अधिक कोंदट आणि म्हणून अधिक प्रामाणिक आहे. काश्मिरी न समजणाऱ्या श्रोत्यालाही त्यातील कोंडी पोहोचते. तिसरा अल्बम अरिवु आणि ऑफरो यांचा तमिळ ‘तेरुकुरल’ (२०१९). दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये चेन्नईत उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वाद्यवृंदातून अरिवु पुढे आला. ‘गाना’ हा उत्तर चेन्नईच्या श्रमिक वस्त्यांतील, मर्तिकाच्या वेळीही गायला जाणारा गीतप्रकार आणि ‘परै’ हे दलितांशी जोडून हीन ठरवले गेलेले चर्मवाद्य या दोहोंना त्या वृंदाने मंचाच्या मध्यभागी आणले. मराठी वाचकाला येथे हलगी आणि आंबेडकरी जलसा यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र तमिळ कलावंतांनी या वारशाला जसा नव्या ध्वनिमुद्रणाचा देह दिला, तसा मराठीत अजून फारसा मिळालेला नाही.

अरिवुच्याच नावाशी निगडित असलेले ‘एन्जॉय एन्जामी’ (२०२१) हे गीत स्वतंत्र संगीताच्या अर्थव्यवहाराविषयी बरेच काही सांगून जाते. श्रीलंकेतील चहामळ्यांत राबून परतलेल्या आजीच्या पिढीची स्मृती आणि ‘ओप्पारी’ हा शोकगीताचा ढंग घेऊन अरिवुने ते लिहिले, धी या गायिकेसह गायले, संतोष नारायणन यांनी संगीत दिले आणि ते कोट्यवधी वेळा ऐकले गेले. त्याच वर्षी या गीताची दखल घेणाऱ्या एका नामांकित संगीतविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर मात्र अरिवु नव्हता, आणि टीका झाल्यानंतर त्याच्यासाठी वेगळे मुखपृष्ठ काढण्यात आले. पुढे २०२४ मध्ये संतोष नारायणन यांनी या गीतातून आपल्याला काहीच पैसा मिळाला नसल्याचे जाहीरपणे सांगितले. श्रेय आणि पैसा या दोन्ही बाबतींत जर इतक्या गाजलेल्या गीताची ही अवस्था असेल, तर लहान कलावंतांची कल्पना करणे अवघड नाही. त्यात स्पॉटिफायने २०२४ पासून, बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला मानधन न देण्याचा नियम केला. बँडकॅम्पसारख्या, अल्बम थेट विकत घेता येणाऱ्या आणि डिजिटल विक्रीतील बहुतांश रक्कम कलावंताला देणाऱ्या मंचाचा भारतीय श्रोत्यांत म्हणावा तसा जम बसलेला नाही, कारण संगीत फुकट मिळते ही समजूत आपल्याकडे कॅसेटच्या नकला करण्याच्या काळापासून पक्की आहे.

जॅझ आणि रॅप यांचा सांधा जुळवणारा ‘मोर अरायव्हिंग’ (२०१९) हा सारथी कोरवार यांचा अल्बम वेगळ्या दखलीस पात्र आहे. कोरवार अहमदाबाद व चेन्नईत वाढले, पुण्यात शिकताना तबल्यात अधिक गुंतले आणि पुढे लंडनला स्थायिक झाले. ‘डे टू डे’ (२०१६) या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी गुजरातेतील रतनपूरच्या सिद्दी गायकांची ध्वनिमुद्रणे वापरली होती, आणि तेथे जॅझचा वृंद व सिद्दी गायन हे दोन प्रवाह अजून समांतरच वाहतात असे वाटत राहते. ‘मोर अरायव्हिंग’मध्ये ती फट बुजली आहे. एमसी मवाली, प्रभ दीप यांच्या शब्दफेकीला ते तबल्याच्या बोलांप्रमाणे वागवतात, म्हणजे अर्थाआधी आघात ऐकतात, आणि मग सॅक्सोफोन त्या आघाताला उत्तर देतो. ‘मुंबे’ या गीतात शहराविषयीचे प्रेम आणि उद्वेग एकाच दमात येतात. स्थलांतरितांविषयीचा हा अल्बम ब्रिटनमधील श्रोत्यांना उद्देशून असला तरी त्यातील मुंबई ही पर्यटकाची मुंबई नाही.

रॉक आणि त्याच्या शाखांविषयी थोडक्यात बोलता येईल. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने २०२२ मध्ये स्वतःच काढलेल्या ‘रक्षक’मध्ये ढोल आणि मेटलचा, म्हणजे अतिविकृत गिटार व जोरकस ड्रमच्या संगीतप्रकाराचा, मेळ खरोखरच अंगात येतो, हिंदी-पंजाबी घोषांच्या जागी इंग्रजी रॅप आले की मात्र गाणे प्रवचन होऊ लागते. ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या वृंदाचे ‘बिस्मिल्लाह’ (२०१९) आणि ‘बीटा’ (२०२४) हे अल्बम कारागिरीच्या दृष्टीने फार पुढचे आहेत, परंतु त्यांचा गायक सूर्यकांत साहनी याने ‘लिफाफा’ या नावाने केलेला हिंदी ‘जागो’ (२०१९) अधिक काळ मनात रेंगाळतो, कारण तिथली विरक्त, किंचित थकलेली हिंदी कुठल्याही चित्रपटाच्या नायकाच्या तोंडी घालता येणार नाही. पुण्याच्या ‘ईझी वाँडरलिंग्ज’चे इंग्रजी अल्बम श्रवणीय व नेटके आहेत, ते पुण्यात घडले याची खूण मात्र त्यांत शोधूनही सापडत नाही, आणि ही तक्रार त्यांच्या एकट्यांविषयी नाही.

नृत्यसंगीतात मुंबईच्या परंपरेची सुरुवात एका उपेक्षित तबकडीपासून होते. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम-यंत्रावर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले. ती तबकडी तेव्हा पडली, आणि २०१० मध्ये पुनर्मुद्रित झाल्यावर पाश्चात्त्य समीक्षकांनी तिला शिकागोच्या ‘अॅसिड हाऊस’ची पूर्वसूरी मानले. ‘हाऊस’ म्हणजे प्रत्येक मात्रेवर सारख्या वजनाचा ठोका असलेले संगीत. त्याच ठोक्यावर क्रेटेक्स व श्रेयस सागवेकर यांनी केलेले ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये स्पिनिन या डच लेबलवरून आले आणि मराठी शब्द परदेशी नृत्यमंचांवर वाजू लागले. गाणे मजेदार आहे, मराठी व्यंजनांचा कणखरपणा त्या ठोक्याला शोभतो हेही खरे; पण त्यात घोषणेपलीकडे रचना थोडी आहे आणि त्याची नक्कल करणाऱ्यांनी तेवढीच उचलली आहे. ‘अभंग रिपोस्ट’ या मुंबईच्या वृंदाची वाट अधिक कठीण आहे. अभंगाची चाल न मोडता भोवती गिटार व बेस उभे करताना, जेथे ते टाळ-मृदंगाची लग्गी मध्यवर्ती ठेवतात तेथे रंग भरतो आणि जेथे रॉकचा गजर वरचढ होतो तेथे अभंग निमित्तमात्र उरतो.

अभंगाचा याहून अनपेक्षित प्रवास तमिळनाडूत वाढलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या गणव्या दोराईस्वामी यांच्या गायनात आढळतो. दक्षिणेच्या भजनपद्धतीत मराठी अभंगाला तंजावरच्या मराठा काळापासून स्थान आहे, आणि वारकरी गायन व हरिकथा यांच्या संस्कारात त्या वाढल्या. २०२४ मध्ये त्यांचे दोन अल्बम आले: जॅझवादक शबाका हचिंग्ज यांच्या लेबलवरून ‘लाइक द स्काय आय हॅव बीन टू क्वायट’ आणि पाठोपाठ ‘डॉटर ऑफ अ टेंपल’. आवाज जवळजवळ पुटपुटण्याइतका हळू, ठेका बऱ्याचदा नाहीच, आणि एकेक स्वर इतका लांबवलेला की पार्श्वसंगीत म्हणून तो लावून ठेवणाऱ्याला कंटाळा यावा. या संथपणात क्वचित भाविकतेचा अतिरेक होतो. तरीही सामूहिक गायनाची नैतिक ऊब एकट्या, खासगी आवाजात आणण्याचा हा प्रयोग मराठी गायकांनी अभ्यासावा असा आहे.

लांबीचा प्रश्न अखेर रागसंगीतापाशी येऊन ठेपतो. पनवेलजवळच्या पळस्पे येथे गुरुकुल उभारणारे आणि १९९० मध्ये दिवंगत झालेले झिया मोहिउद्दीन डागर यांच्या रुद्रवीणेची जुनी ध्वनिमुद्रणे स्टीफन ओ’मॅली या मेटल गिटारवादकाच्या पॅरिसस्थित ‘आयडिओलॉजिक ऑर्गन’ या छोट्या लेबलने प्रकाशित केली. लोकसंगीताकडेही छोट्या लेबलांचे असेच लक्ष गेले: दिल्लीच्या अमरस रेकॉर्ड्सने २०१२ मध्ये राजस्थानातील हमीरा गावी जाऊन कमायचावादक साकर खान यांचे वादन त्यांच्या घरीच मुद्रित केले. डागरांच्या आलापीत एका स्वरावर मिनिटभर थांबून त्याचा थर खाली बसू देण्याची जी रीत आहे, ती मंद, घोंघावणाऱ्या मेटलच्या श्रोत्याला लगेच उमगली. डिसेंबरात ‘सवाई गंधर्व’ महोत्सवाच्या मंडपात रात्रीपर्यंत बसणाऱ्या पुणेकर श्रोत्यापर्यंत मात्र डागरांची ही तबकडी फारशी पोहोचलेली नाही, कारण ती रागसंगीताच्या दुकानात नव्हे तर मेटलच्या शेल्फावर ठेवलेली असते.