मोरगांते: देह राहिला, कला गेली

मंडळी, आज एकाच माणसाबद्दल बोलायचं आहे. सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या कोसिमो मेदिचीच्या दरबारात ब्राच्चो दि बार्तोलो नावाचा एक ठेंगणा विदूषक होता. सगळे त्याला ‘मोरगांते’ म्हणत. हे नाव पुल्चीच्या महाकाव्यातल्या राक्षसाचं. म्हणजे थट्टा नावापासूनच सुरू! ब्रोंझिनोने त्याला एकाच कॅनव्हासवर पुढून आणि मागून, दोन्हीकडून नग्न रंगवलं. पुढे जांबोलोन्याने त्याला ब्राँझमध्ये घडवलं. विचित्र प्राण्यावर स्वार झालेला त्याचा १५८२च्या सुमाराचा मोरगांते आज फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे.

काही जण म्हणतात, ज्या धातूत हर्क्युलिस ओतला त्यातच विदूषकही ओतला, हा त्याचा सन्मानच. मला हे पटत नाही. वीराची ऐट आणि आखूड पाय शेजारी ठेवले, की पाहणारा हसतो. हॉब्जच्या मते दुसऱ्यातलं उणं दिसलं, की आपण एकदम मोठे झाल्यासारखं वाटतं, त्यातून हसू येतं. इथे ते हसू धातूत कायमचं पक्कं केलंय.

कारागिरीला नावं ठेवायला जागा नाही. दाढी, सुटलेलं पोट, सगळं आहे. पण तो काय बोलायचा, कुणाची नक्कल करायचा, कशाने दरबार हसवायचा? त्यातलं मूर्तीत काहीच नाही. आपल्या कवलापूरच्या काळू-बाळूंची उंची कुणी सांगत नाही, त्यांचे संवाद सांगतात. मोरगांतेचं नेमकं उलट झालं.

आता आपल्या बोईसर-डहाणूकडे या. वारली चित्रातला तारपा-नाच बघा. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. चेहरा नाही, नाव नाही. पण हातात हात गुंफलेली रांग, तारप्याकडे पाठ न करता फिरणारं ते वेटोळं, हे सगळं जसंच्या तसं. देह गाळला, कला ठेवली. कारण सरळ आहे : तारपा वाजवणारा कुणाच्या पदरी नव्हता, आपल्याच पाड्यासाठी वाजवत होता. मोरगांतेला घडवून घेणारा त्याचा धनी होता.

हा फरक इटलीपुरता नाही. समारंभात पाहुणे येईपर्यंत आपण तारपा-नाच ठेवतो आणि पाहुणे आले, की हाताने खूण करून थांबवतो. त्या क्षणी आपण पाड्याच्या बाजूला असतो, की धन्याच्या? याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं. मी इथे थांबतो.