ताबा कुणाचा? ‘इंधन’ पुन्हा वाचताना

रत्नागिरी शहरात हमीद दलवाईंचा विषय निघाला की एक घोटाळा हमखास होतो. ‘मिरजोळीचे दलवाई’ म्हटलं की ऐकणारा शहरालगतच्या मिरजोळ्याकडे, एमआयडीसीच्या दिशेने हात दाखवतो. दलवाईंची मिरजोळी चिपळूणजवळची. घोटाळा किरकोळ आहे, पण बोलका आहे. ज्या जिल्ह्यात २९ सप्टेंबर १९३२ रोजी हा लेखक जन्मला, त्या जिल्ह्यातल्या मुसलमानांना त्याचं नाव पक्कं ठाऊक असतं, त्याच्याबद्दलचं मतही तयार असतं. पुस्तक मात्र वाचलेलं नसतं. मी स्वतः ‘इंधन’ वयाच्या तिशीत वाचली. तोवर मी तिच्या विरोधात दोनदा तावातावाने भांडलो होतो.

‘लाट’ हा दलवाईंचा कथासंग्रह १९६१चा आणि ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ची. कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि गावाकडे रोष मिळाला. या दोन्ही गोष्टींमुळे तिचं एक नुकसान झालं. ती कादंबरी म्हणून फारशी वाचलीच गेली नाही. बाहेरच्यांनी ती ‘मुसलमानांचं अंतरंग’ म्हणून वाचली आणि आपल्यातल्यांनी ‘घरचं भांडण चव्हाट्यावर’ म्हणून नाकारली. दोघांच्याही हातून एक साधी गोष्ट निसटली. ही कादंबरी मजहबाबद्दल फार थोडी आहे. ती आहे ताब्याबद्दल. जमीन कुणाच्या ताब्यात, वाडीत शब्द कुणाचा चालतो, बाईवर हक्क कुणाचा, आणि माणसाचा स्वतःवर तरी ताबा किती.

आजारातून उठलेला एक माणूस बऱ्याच वर्षांनी मुंबईहून आपल्या कोकणातल्या गावी विश्रांतीसाठी येतो, एवढाच धागा. गावात मुसलमान आहेत, ब्राह्मण आहेत, कुळवाडी आहेत, महार आहेत. वरवर सगळं जुनंच आहे, पण जुनं काहीच राहिलेलं नाही. हे समजायला कोकणातला जमिनीचा इतिहास माहीत असावा लागतो. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी तो फारसा विचारात घेतलेला दिसत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामधला माणूस. सारा भरायचा त्याने आणि राबायचं कुळाने. हे खोत ब्राह्मण होते, मराठा होते आणि उत्तर रत्नागिरीच्या अनेक गावांत मुसलमानही होते. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात १९३७ साली मांडलं, पण खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९च्या कायद्याने. त्याआधी १९४८चा कुळकायदा आला होता. त्याची दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. कसेल त्याची जमीन झाली. ‘इंधन’मधलं गाव या उलथापालथीनंतरचं आहे. काल अंगणाच्या कडेला उभा राहणारा कुळवाडी आज ओटीवर बसतो. त्याच्या बसण्याने जे पोटात दुखतं ते धर्माचं दुखणं नाही. ते सातबाऱ्यावरून नाव गेल्याचं दुखणं आहे. पण माणूस ‘माझी जमीन गेली’ असं म्हणत नाही. तो ‘आपल्या लोकांचा अपमान झाला’ असं म्हणतो. मग दुसऱ्या बाजूलाही तसंच बोललं जातं आणि गाव पेटायला निमित्त पुरतं. आग लागते ती कोणत्या सरपणाला, हे दलवाईंनी नावातच सांगून ठेवलं आहे.

आपल्या टीकाकारांचा मुख्य आक्षेप होता तो स्त्री-पुरुष संबंधांच्या चित्रणाला. ‘आमच्या घरांत असं होत नाही’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं. होत असेल किंवा नसेल. पण या संबंधांकडे चवीने न बघता दलवाई ते हिशेबासारखे मांडतात. एका जमातीचा पुरुष दुसऱ्या जमातीच्या बाईकडे जातो तेव्हा गाव त्यात दोन माणसं बघत नाही, गाव जिंकणं-हरणं बघतं. जमीन गेलेल्याला निदान एवढं तरी आपल्या हातात आहे असं वाटतं, आणि जमीन मिळालेल्याला आता हे आपण खपवून घ्यायचं नाही असं वाटतं. बाईच्या अंगावरून हद्दीचा दगड सरकवला जातो. दंगलीची इतकी कोरडी, इतकी खरी कारणमीमांसा मराठी कादंबरीत फार थोड्या ठिकाणी आहे. १९६५ साली ती एका तिशीतल्या कोकणी मुसलमानाने लिहिली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा होता.

तरीही माझी या कादंबरीशी एक तक्रार आहे, आणि ती आपल्या मौलवींच्या तक्रारीहून वेगळी आहे. सगळी कहाणी त्या परत आलेल्या माणसाच्या तोंडून येते. तो शिकलेला आहे, सुधारक आहे, गावाच्या भानगडींपासून स्वतःला वेगळा समजतो. कादंबरी त्याला तसा वेगळा राहू देत नाही, हे तिचं मोठेपण. ज्याला समाज ताळ्यावर आणायचा आहे त्याचा स्वतःवर ताबा नाही, हे दलवाईंनी निर्दयपणे दाखवलं आहे. पण सांगण्यावरचा त्याचा ताबा मात्र शेवटपर्यंत सुटत नाही. गावातल्या बाया त्याला दिसतात, त्याच्याशी बोलतात, त्याला सोसतात. त्या एकमेकींशी काय बोलतात, हे आपल्याला कळत नाही. त्यांच्यामुळे गाव पेटतं असं सगळे म्हणतात, आणि त्यांना स्वतःला त्याबद्दल काय म्हणायचं आहे हे कुणीच विचारत नाही. लेखकही नाही.

हे मला उशिरा जाणवलं, आणि जाणवलं ते पुस्तकातून नव्हे. १९८०च्या दशकात आमच्या मोहल्ल्यातले निम्मे पुरुष कुवेत, सौदी, मस्कतला होते. त्याआधीच्या पिढीतले आगबोटीवर किंवा आफ्रिकेत. घरं बायांच्या हातात. मजूर लावणं, बागेची राखण, मुलांची शाळा, लग्नाची बोलणी, सगळं त्या बघत. चावी त्यांच्याकडे, आणि सही साहेबांची. पत्र लिहायला मात्र शाळेत जाणारं पोरगं लागायचं, आणि आमच्या घरात ते पोरगं मी होतो. एकदा चाचीने चाचाला लिहायला सांगितलं की घरामागची जागा विकायला तिची तयारी नाही, कागद पाठवू नका. पत्र लिहून होण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी मला बाहेर बोलावलं होतं. पोरीबाळींच्या गोष्टी एवढ्या लांब कशाला, असं काहीसं ते म्हणाले. मी ते वाक्य लिहिलं नाही. वाचून दाखवताना मात्र वाचलं. पुढच्या महिन्यात चाचाचं मुखत्यारपत्र आलं आणि जागा गेली. चाचीने मला कधी काही विचारलं नाही. पुढची पत्रं ती शेजारच्या सहावीतल्या मुलीकडून लिहून घ्यायला लागली, एवढंच.

तेव्हापासून कुणी म्हणालं, ‘मी समाजाच्या वतीने लिहितो,’ की मला ते पत्र आठवतं.

म्हणून ‘इंधन’च्या शेजारी एक दुसरं पुस्तक ठेवून वाचावं असं माझं म्हणणं आहे. ते म्हणजे मेहरुन्निसा दलवाई यांचं १९९५ साली आलेलं आत्मकथन, ‘मी भरून पावले आहे’. या पुस्तकाकडे बहुतेकांनी दलवाईंच्या चरित्राचं साधन म्हणून पाहिलं. थोर पुरुषाच्या बायकोने सांगितलेल्या आठवणी, असा शेरा मारून ते कपाटात गेलं. वास्तविक त्यात ‘इंधन’मध्ये नसलेला आवाज आहे. पुण्यात वाढलेली, उर्दू बोलणाऱ्या घरातली ही मुलगी. १९५६ साली तिचं लग्न झालं. आधी निकाह झाला आणि महिन्याभराने विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. तोंडी तलाक आणि सवत या दोन्ही गोष्टींना त्या नोंदणीने कायद्याचं कुलूप लागलं. समाजाला काही सांगण्याआधी दलवाईंनी नवरा म्हणून आपल्या हातातली दोरी सोडून दिली. पुढच्या साऱ्या भाषणांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

पण दोरी कागदावर सोडली म्हणजे संसारात सुटते असं नाही. नवरा चळवळीत, दौऱ्यावर, आणि पुढे मूत्रपिंडाच्या आजारात. घर चालायचं ते बाईंच्या नोकरीवर. त्यांच्या सांगण्यात कुरकूर नाही. काही वाचकांना तो समजूतदारपणा वाटतो. मला तो जरा जास्त वाटतो. सुधारकाच्या घरातही सुधारणेचा खर्च बाईच्या पगारातून व्हायचा, हे त्या सांगून जातात आणि त्यावर भाष्य करत नाहीत. चांगल्या संपादकाने तिथे त्यांना थांबवून आणखी बोलतं करायला हवं होतं. ‘भरून पावले’ हे शब्द समाधानाचे आहेत, आणि मराठीत वैतागून हात झटकतानाही आपण तेच म्हणतो. बाईंना पहिलाच अर्थ अभिप्रेत असणार. तरी दुसरा मनातून जात नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान स्त्रियांनी विधानसभेवर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाला विरोध ही मागणी. मेहरुन्निसाबाई त्या सातजणींत होत्या. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. ३ मे १९७७ रोजी, पंचेचाळिशीही न गाठता, दलवाई गेले. बाई थांबल्या नाहीत. १९८५च्या तलाक मुक्ती मोर्चातही त्या होत्या. हा मोर्चा कोल्हापुरातून नागपूरकडे निघाला होता. त्याच वर्षी शाहबानो निकाल आला होता आणि पुढच्या वर्षी तो निष्प्रभ करणारा कायदाही आला. ८ जून २०१७ रोजी बाईंचं निधन झालं, आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. अडीच महिने कमी पडले. २०१९च्या कायद्याने तलाक उच्चारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. या कायद्याबद्दल आपल्यात दोन मतं आहेत, आणि मला दोन्हींत तथ्य वाटतं. पण सातजणींनी मागितला होता तो संसारातला शब्द. हातात आली ती पोलीस ठाण्याची पायरी. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कुणी द्यायची, हा प्रश्न मोहल्ल्यातली अडाणी बाईसुद्धा विचारते.

समाजातल्या ताब्याचं आणखी एक रूप म्हणजे जमात. ‘इंधन’च्या काळापासून त्यात फारसा बदल झालेला नाही. कोकणातल्या गावात लग्न, मय्यत, कब्रस्तान, मशिदीची वर्गणी यांची व्यवस्था जमात बघते. ही व्यवस्था चांगलीही आहे. परदेशातल्या मुलाच्या आईचा जनाजा तिच्यामुळेच उठतो. पण तीच जमात एखाद्या घराशी बोलणं बंद करते तेव्हा त्या घराला दुसरं गाव शोधावं लागतं. शेजारच्या हिंदू वाडीत गावकी हेच करते. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो दोघांनाही लागू आहे. कादंबरीत दलवाईंनी ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली होती. त्यांचा लाभ उठवणाऱ्यांनी सोयीचं एकच उचललं.

आता साहित्याकडे. १९९०ला सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मागितलं ते हेच होतं : आपल्याबद्दल काय सांगायचं ते आपण सांगू. मागणी रास्त होती. मराठी कथेत मुसलमान यायचा तो एक तर खानदानी दाढीवाला म्हणून, नाही तर गुंड म्हणून. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, तरी आपल्याला मराठीत पाहुणेच समजलं जायचं. पण दलवाईंचं काय करायचं, हे या चळवळीला नीट ठरवता आलं नाही. समाजाला दूर लोटून समाज बदलत नाही, हा बेन्नूरांच्या पिढीचा आक्षेप होता आणि तो मला मान्य आहे. राजकारणावरचा आक्षेप मात्र कादंबरीवर लादला गेला. ज्यांना मुसलमानांना झोडायचं होतं त्यांनी दलवाईंना डोक्यावर घेतलं, म्हणून आपण त्यांना खाली उतरवलं. आपल्या लेखकाची किंमत दुसऱ्यांनी ठरवली, आणि आपण ती फक्त उलटी केली.

भाषेचंही तसंच. आपल्या घरात कोकणी मुसलमानी बोली, शाळा बरेचदा उर्दू, कचेरी मराठी. लिहायला बसलं की शुद्ध मराठीचा मास्तर एका खांद्यावर आणि उर्दूचा उस्ताद दुसऱ्या खांद्यावर. राजिवड्याची म्हातारी जशी बोलते तशी छापली तर संपादक त्याखाली टीप मागतात, आणि आपल्यातले म्हणतात, ही कसली गावठी भाषा, समाजाची शोभा जाते. दोघांच्या मध्ये ती म्हातारी बोलायचीच राहून जाते. दलवाईंची मराठी साफ, कोरडी, मुंबईत घासून आलेली. बोलीची त्यांना फार ओढ दिसत नाही. त्यांच्या कामाला ते पुरेसं होतं. पण ‘इंधन’मधल्या बाया गप्प का वाटतात, याचं एक कारण मला तिथेही सापडतं. त्यांना त्यांची भाषा मिळालेली नाही.

आता पत्रं लिहावी लागत नाहीत. माझी पुतणी मस्कतला असलेल्या नवऱ्याला मोबाइलवर बोलून संदेश पाठवते, पाच-पाच मिनिटांचे. माशाचा भाव, सासूचं गुडघ्याचं दुखणं, बँकेचं कर्ज, आणि मध्येच एखाद्या गोष्टीला ठाम नकार. ‘हे लिहून काढ,’ म्हणून मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, “काका, लिवलं तर तुमी दुरुस्त करनार.”